क्रोन्ससाठी गांजाचं तेल घ्यावं का? पोटाच्या आजारांत कॅनाबिनॉइड नेमकी कुठे उपयोगी पडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याला नऊ वर्षांपासून क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह होत राहणारा आजार, आहे. अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या आणि दर दोन आठवड्यांनी अ‍ॅडालिम्युमॅबचं इंजेक्शन चालू आहे, दोन्ही प्रतिकारशक्ती आवरून दाह कमी करणारी औषधं. तरीही मधूनमधून पोटात कळा येतात, जुलाब होतात, झोप लागत नाही. ओळखीच्या एकाने सीबीडी (गांजातलं नशा न आणणारं द्रव्य) तेलाची बाटली आणून दिली आणि सांगितलं, 'मी सगळी औषधं बंद केली, आता फक्त हेच.' तेव्हा हे तेल घ्यावं का, आणि त्यावर भागेल का? शिवाय भावाला आयबीएस (आतड्यात दाह नसताना पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होणारा विकार) आहे, आईचं जठर मधुमेहामुळे संथ झालंय. त्यांनाही याचा उपयोग होईल का?

आधी सरळ उत्तर देतो. औषधं बंद करून तेल घेणार असाल तर माझं उत्तर नाही असं आहे. औषधं चालू ठेवून, डॉक्टरांना सांगून, फक्त त्रास कमी व्हावा म्हणून घेणार असाल तर त्यावर बोलता येईल. पण त्या बाटलीतल्या थेंबांकडून फार आशा धरू नका. असं का म्हणतो ते जरा खोलात जाऊन सांगावं लागेल, कारण 'सगळं थोतांड आहे' म्हणणारे आणि 'औषध कंपन्या दडपतायत' म्हणणारे दोघेही या विषयात सारखेच चुकतात.

पोट आणि कॅनाबिनॉइड (गांजातली आणि त्या जातीची द्रव्यं) यांचं नातं खरं आहे. गांजातलं नशा आणणारं द्रव्य टीएचसी. ते राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. शरीरात ते जिथे जाऊन बसतं तो सीबी१ रिसेप्टर (पेशीवरची ग्रहण करणारी जागा) सापडायला १९८८ साल उजाडलं, आणि १९९३ मध्ये सीबी२ मिळाला. आपल्या शरीरात हे रिसेप्टर गांजासाठी अर्थातच नाहीत. शरीर स्वतःच तशी द्रव्यं तयार करतं. त्यातलं पहिलं, आनंदामाइड, १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडलं. दुसरं, २-एजी, १९९५ मध्ये मेशुलाम यांच्याच गटाला मिळालं, आणि ते कुठून, तर कुत्र्याच्या आतड्यातून. आतडं हे या यंत्रणेचं एक मोठं ठाणंच आहे.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. त्यातल्या पेशी असिटिलकोलिन सोडतात आणि स्नायू आकुंचन पावतात. अन्न पुढे सरकतं ते असं. सीबी१ याच तंतूंवर बसलेला असतो. तो चेतवला की असिटिलकोलिन कमी सुटतं, आतड्याची हालचाल मंदावते, पाण्याचा स्राव घटतो. मेंदूच्या तळाशी उलटीचं जे केंद्र आहे तिथेही सीबी१ आहे, म्हणून मळमळ दबते. सीबी२ मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असतो आणि दाह आटोक्यात ठेवायला हातभार लावतो. ज्या उंदरांमध्ये सीबी१ चं जनुकच काढून टाकलं होतं त्यांना प्रयोगशाळेत आतड्याचा दाह घडवला तर तो इतर उंदरांपेक्षा जास्त तीव्र झाला. क्रोन्ससाठी कॅनाबिनॉइड वापरण्याची आशा जन्मली ती अशा प्रयोगांमधून.

माणसांत याचा उलटा पुरावा आपसूक मिळाला. रिमोनाबँट नावाची वजन उतरवणारी गोळी २००६ मध्ये युरोपात आली. ती सीबी१ बंद पाडायची. ती घेणाऱ्यांना भूक कमी लागायची हे खरं, पण मळमळ आणि जुलाब हे तिचे नेहमीचे दुष्परिणाम होते. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये तिची विक्री थांबवावी लागली. म्हणजे ही यंत्रणा बंद केली की पोट बिघडतं आणि मनही.

सीबीडीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि इथे बराच घोळ होतो. सीबीडी सीबी१ ला धड चिकटतच नाही, म्हणूनच नशा आणत नाही. ते इतर बऱ्याच ठिकाणी थोडंथोडं काम करतं. त्यामुळे 'गांजाने माझं पोट शांत झालं' हा टीएचसीचा अनुभव सीबीडीच्या बाटलीला लागू होत नाही. तुम्हाला सांगणाऱ्याने नेमकं काय घेतलं हे त्याला तरी ठाऊक आहे का, हा पहिला प्रश्न मी विचारेन.

आता क्रोन्सकडे येतो. इथे पुरावा थोडाच आहे, पण नीट वाचला तर फार काही सांगून जातो.

सगळ्यात जास्त सांगितली जाते ती इस्रायलमधली २०१३ ची चाचणी. २१ रुग्ण, सगळे असे की स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा इंजेक्शनं यांनी भागलं नव्हतं. ११ जणांना टीएचसी असलेल्या गांजाच्या सिगारेटी दिल्या, १० जणांना टीएचसी काढून टाकलेल्या. आठ आठवड्यांनी गांजाच्या गटात ११ पैकी १० जणांना लक्षणीय आराम पडला, दुसऱ्या गटात १० पैकी ४ जणांना. आजार पूर्ण शमलेले अनुक्रमे ५ आणि १. इतक्या लहान संख्येत हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून पूर्ण शमण्याच्या बाबतीत चाचणी अपयशी ठरली. आणि रक्तातला सीआरपी, म्हणजे दाहाचा निर्देशक, दोन्ही गटांत जवळपास जागचा हलला नाही.

हा शेवटचा मुद्दा बातम्यांमध्ये येत नाही. तो कळायला आराम मोजला कसा जातो ते पाहावं लागतं. या चाचण्यांत सीडीएआय नावाचा गुणांक वापरतात. रुग्णाला सात दिवसांची वही देतात. रोज तीन गोष्टी लिहायच्या: पातळ शौचाला किती वेळा गेलात, पोट किती दुखलं (शून्य ते तीन), आणि एकूण कसं वाटलं (शून्य ते चार). आठवड्याच्या बेरजेला गुणतात. शौचाला दोनने, दुखण्याला पाचने, 'कसं वाटलं' याला सातने. मग वजन, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण), पोटात हाताला लागणारी गाठ वगैरेंचे गुण त्यात मिळवतात. एकूण १५० च्या खाली आला की आजार शमला असं धरतात, १०० ने उतरला की औषध लागू पडलं असं धरतात.

आता समजा तुमचं दुखणं रोज दोनवरून एकवर आलं: ३५ गुण कमी. 'कसं वाटलं' दोनवरून एकवर आलं: ४९ कमी. शौच सहावरून चार वेळा झाली: २८ कमी. झाले ११२. कागदावर औषध लागू पडलं! आणि ज्या द्रव्याने वेदना बोथट होते, मन हलकं होतं आणि आतडं मंदावतं, ते नेमक्या याच तीन रकान्यांवर काम करतं. आतड्याच्या अस्तरावरच्या व्रणाला त्याने हातही लावलेला नसला तरी आकडा उतरतो.

त्यात आणखी एक अडचण. कोणाला खरं औषध मिळतंय आणि कोणाला लुटुपुटूचं हे रुग्णाला कळू नये, हा अशा चाचण्यांचा पाया. टीएचसीच्या बाबतीत ते जमतच नाही. पहिल्या झुरक्यानंतर पाच-दहा मिनिटांत ज्याला चढली त्याला कळतं, ज्याला नाही त्यालाही कळतं. मग वहीतले आकडे कितीसे निःपक्षपाती राहणार?

म्हणून मी अशा चाचणीचा निष्कर्ष वाचताना आधी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) आणि कॅलप्रोटेक्टिन (शौचात मोजला जाणारा आतड्याच्या दाहाचा निर्देशक) यांचे रकाने शोधतो. त्याच इस्रायली गटाने २०२१ मध्ये क्रोन्सच्या ५६ रुग्णांवर सीबीडी जास्त आणि टीएचसी कमी असलेलं तेल वापरून पाहिलं. लक्षणं कमी झाली, जगणं सुधारलं. पण एंडोस्कोपीच्या गुणांत दोन गटांमध्ये फरक नव्हता आणि दाहाचे निर्देशक तसेच राहिले. त्याआधी २०१७ मध्ये नुसतं सीबीडी, १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असं वापरलं होतं. काहीच फरक पडला नाही. लक्षात घ्या, तुमच्या बाटलीतल्या थेंबांचा डोस बहुधा याच्याच आसपास असेल. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याचा दाहाचा आजार) २०१८ साली ६० रुग्णांना दहा आठवडे सीबीडीयुक्त अर्काच्या कॅप्सूल दिल्या. आजार शमण्याचं प्रमाण औषधाच्या गटात २८ टक्के, लुटुपुटूच्या गोळीच्या गटात २६. म्हणजे बरोबरी. अनेकांना तर पूर्ण डोस झेपलाच नाही. त्याच वर्षी कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने क्रोन्स आणि कोलायटिस या दोन्हींवरच्या चाचण्या तपासल्या आणि ठाम काही सांगता येत नाही असाच निष्कर्ष काढला.

निखाऱ्यावर राख पसरली की धग लागत नाही, आत निखारा तसाच असतो. क्रोन्समध्ये हे फार महागात पडतं, कारण हा आजार मुकाट्याने आतडं अरुंद करतो, भगंदरं पाडतो. कॅनडातल्या रुग्णांची एक पाहणी २०१४ मध्ये छापून आली. त्यात सहा महिन्यांहून जास्त काळ गांजा वापरणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांत शस्त्रक्रियेची शक्यता सुमारे पाचपट दिसली. आता यावरून गांजामुळे शस्त्रक्रिया करावी लागली असं म्हणता येत नाही. ज्यांचा आजार मुळातच तीव्र आहे तेच गांजाकडे वळत असतील, हे अगदी शक्य आहे. पण आराम वाटल्यामुळे तपासण्या लांबणीवर टाकलेले आणि मग आतडं बंद पडून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर आलेले रुग्ण मी पाहिलेत, त्यामुळे तो आकडा मला सहज बाजूला टाकता येत नाही. ओढण्याबद्दलही एक सांगायलाच हवं. गांजात तंबाखू मिसळून ओढत असाल तर क्रोन्स बिघडवणारी सर्वांत ठाऊक असलेली गोष्ट तुम्ही औषध म्हणून घेताय.

मग कॅनाबिनॉइड खरोखर कुठे चालतात? केमोथेरपीच्या उलट्यांवर. ड्रोनॅबिनॉल हे कृत्रिमरीत्या बनवलेलं टीएचसी आणि त्याच जातीचं नॅबिलोन, या दोघांना अमेरिकेत १९८५ मध्येच या कामासाठी मान्यता मिळाली. एड्सच्या रुग्णांचं खाणं तुटतं आणि वजन झडतं, त्यासाठी ड्रोनॅबिनॉलला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. पुढे ऑनडॅनसेट्रॉनसारखी चांगली औषधं आली आणि यांचा नंबर मागे गेला. पण नेहमीची औषधं घेऊनही ज्यांना उलट्या होतात त्यांच्यासाठी आजही जागा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला: नेहमीच्या औषधांच्या जोडीला टीएचसी आणि सीबीडी दोन्ही असलेली कॅप्सूल दिली तर २४ टक्के रुग्णांना उलटी अजिबात झाली नाही आणि जादा औषधही लागलं नाही, नुसत्या प्लासिबोवर (लुटुपुटूच्या औषधावर) हे प्रमाण ८ टक्के होतं. गुंगी, चक्कर, भोवंडल्यासारखं वाटणं हे मात्र कॅप्सूलवाल्यांना जास्त झालं. पोटाच्या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा तो हा.

तुमच्या भावाच्या आयबीएसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ड्रोनॅबिनॉलने मोठ्या आतड्याचं आकुंचन थोडं सैलावतं, विशेषतः जुलाबाकडे झुकणाऱ्या रुग्णांत. पण शौच पुढे सरकण्याचा वेग त्यामुळे बदलला नाही, आणि मलाशय फुगवल्यावर होणारी वेदनाही कमी झाली नाही. फक्त सीबी२ वर काम करणारं, नशा न आणणारं ओलोरिनॅब नावाचं औषध फार अपेक्षेने आलं होतं. २०२१ मध्ये ते आयबीएसच्या वेदनेवरच्या मुख्य कसोटीवर उतरलं नाही. फक्त ज्यांना मुळात जास्त दुखत होतं त्यांच्यात जास्त डोसला थोडा फरक दिसला. शरीर स्वतः बनवतं त्या पीईए नावाच्या मेदद्रव्यावर, पॉलिडॅटिन या वनस्पतीजन्य द्रव्याच्या जोडीने, २०१७ मध्ये ५४ रुग्णांत चाचणी झाली आणि पोटदुखी कमी झाली. लहान चाचणी आहे, पण मला भावासाठी सीबीडीपेक्षा हे जास्त आशेचं वाटतं. तोपर्यंत आहारातले बदल आणि कमी डोसातलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन (मूळचं नैराश्यावरचं औषध) यांच्या मागचा पुरावा कितीतरी पक्का आहे.

आईंचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा, आणि खरं सांगायचं तर जास्त मजेशीर. मधुमेहाने जठराचे मज्जातंतू दुखावले की अन्न तासन्‌तास आतच राहतं. चार घासांत पोट भरतं, मळमळतं, आदल्या रात्रीचं जेवण सकाळी उलटून पडतं. टीएचसी जठर आणखी मंदावतं हे निरोगी माणसांवर मोजून दाखवलेलं आहे. म्हणजे उलटी दाबेल, पण मूळ दुखणं वाढवेल. सीबीडीवर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून ४४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांत उलट्या कमी झाल्या, जेवण पूर्ण करता येऊ लागलं, एकूण त्रास उतरला. आणि त्याच वेळी जठर रिकामं होण्याचा वेग मात्र आणखी घटला! लक्षणं आणि जठराचा वेग यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, हे यातून दिसलं. बहुधा जठराच्या संवेदना बोथट झाल्या असाव्यात.

पण डोस पाहा: दिवसाला किलोमागे २० मिलिग्रॅम. आईंचं वजन ६० किलो धरलं तर १२०० मिलिग्रॅम रोज. बाजारातल्या थेंबांच्या बाटलीवर 'एका वेळी १० मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं. चाचणीत वापरलेलं औषध शुद्ध, प्रमाणित सीबीडी होतं, जे अपस्मारासाठी २०१८ पासून अमेरिकेत मान्य आहे. तेव्हा चाचणीचा दाखला देऊन थेंब विकणं म्हणजे धूळफेक आहे. आणि मधुमेही रुग्णात जठर आणखी संथ झालं की जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिनची वेळ यांचं गणित बिघडतं. आईंना हे स्वतःच्या मनाने देऊ नका.

छातीत जळजळीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी विचारेलच. अन्ननलिकेच्या तळाची झडप अवेळी सैल होणं टीएचसीमुळे कमी होतं. पण त्यासाठी जो डोस लागतो त्याने मळमळ होते आणि रक्तदाब पडतो. विषय संपला.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं तिच्याकडे. उलटी थांबवणारं हे द्रव्य वर्षानुवर्षं भरपूर घेतलं तर काही जणांना उलट्याच सुरू होतात. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडजवळच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये याचं पहिलं वर्णन केलं. आता त्याला कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस म्हणतात.

चित्र इतकं ठरावीक असतं की एकदा पाहिलं की विसरत नाही. बहुधा तरुण माणूस, दोन-तीन दिवसांपासून सतत ओकाऱ्या, पोटात असह्य दुखणं, घोटभर पाणीही ठरत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक, सीटी ठीक, एंडोस्कोपीत ओकून ओकून आलेली थोडी लाली. उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन देऊन काही होत नाही. मग राउंडला गेलं की खाट रिकामी, आणि सिस्टर सांगतात, 'तो बाथरूममध्येच आहे, सकाळपासून तिसऱ्यांदा.' कढत पाण्याच्या शॉवरखाली उभा. तेवढाच वेळ मळमळ थांबते, पाणी बंद केलं की परत. काहींच्या पोटावर, पाठीवर गरम पाण्याने जाळीदार तांबूस-तपकिरी डाग पडलेले असतात. एकदा ते डाग पाहिले की पुढचा प्रश्न काय विचारायचा हे कळतं. उत्तर बहुतेक वेळा 'रोज, तीन-चार वर्षांपासून' असंच येतं. आणि पाठोपाठ: 'पण ते तर मी मळमळीसाठीच घेतो.'

इथेच गाडं अडतं. सकाळी मळमळ वाटते म्हणून माणूस आणखी घेतो, त्याने तात्पुरतं बरं वाटतं, आणि चक्र घट्ट होत जातं. सतत माऱ्याने सीबी१ रिसेप्टर कमी होतात, निबर होतात आणि उलटीवरचा शरीराचा स्वतःचा लगाम सुटतो, असं एक मत आहे. उपाय एकच: पूर्ण बंद. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२४ च्या सल्ल्यानुसार किमान सहा महिने किंवा एरवी तीन झटके येऊन गेले असते इतका काळ बंद ठेवूनही उलट्या आल्या नाहीत, तर निदान पक्कं धरावं. टीएचसी मेदात साठून राहतं, त्यामुळे आठवडाभर बंद करून 'फरक पडला नाही' म्हणण्यात अर्थ नाही. झटका आलेला असताना सलाइन, क्षार तपासणं (किडनीला इजा होऊ शकते), पोटावर कॅप्सायसिनचं (मिरचीतल्या तिखट द्रव्याचं) मलम, आणि हॅलोपेरिडॉल हे मूळचं मानसिक विकारांवरचं औषध. २०२१ च्या एका चाचणीत हॅलोपेरिडॉल ऑनडॅनसेट्रॉनपेक्षा सरस ठरलं. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं टाळावीत. त्यांनी जठर आणखी मंदावतं आणि नवीच सवय मागे लागते.

आता तुमच्या त्या बाटलीकडे. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलवर लिहिलेलं प्रमाण खरं निघालं फक्त सुमारे ३१ टक्के बाटल्यांत. १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं. तेव्हा 'यात नशेचं काही नाही' या वाक्यावर विसंबून गाडी चालवू नका. नोकरीच्या ठिकाणी लघवी तपासत असतील तर ती वेगळीच कटकट. कायदाही प्रत्येक देशात निराळा आहे, तुम्ही राहता तिथला आधी पाहा.

तुमच्या औषधांशी याचं कसं जमतं? अ‍ॅडालिम्युमॅब हे प्रथिन आहे, यकृतातल्या ज्या एन्झाइमांना सीबीडी अडवतं त्यांच्याशी त्याचा संबंध नाही. अ‍ॅझाथायोप्रिनचाही थेट नाही. पण अ‍ॅझाथायोप्रिन यकृताला कधीकधी त्रास देतं, आणि सीबीडी मोठ्या डोसात एएलटी, एएसटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइमं) वाढवतं. दोन्ही चालू असताना यकृताचा रिपोर्ट बिघडला तर दोष कोणाला द्यायचा? बऱ्याचदा अशा वेळी जे लिहून दिलेलं असतं तेच औषध बंद होतं, कारण दुसऱ्याचं नावच डॉक्टरांना ठाऊक नसतं. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं), टॅक्रोलिमस (अवयव प्रत्यारोपणानंतरचं), क्लोबाझाम (अपस्मारावरचं) घेणाऱ्यांत मात्र धोका थेट आहे. रक्तातली पातळी चढते किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचं मोजमाप) उसळतो. रक्ताची गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल शरीरात गेल्यावर ज्या एन्झाइममुळे कामाला लागतं त्यालाच सीबीडी अडवतं. आणि सीबीडीचे नेहमीचे दुष्परिणाम कोणते, तर जुलाब आणि भूक मंदावणं. क्रोन्सच्या रुग्णाला!

खाण्यातून किंवा तेलातून घेतलेल्या टीएचसीचा परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास टिकतो. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा डोस घेणारे मग रात्री धडधड आणि भीती घेऊन आपत्कालीन विभागात येतात. सीबीडी स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर चार-पाचपट जास्त शोषलं जातं, म्हणजे एकच डोस दोन दिवशी दोन वेगळे डोस असल्यासारखा वागतो. गर्भवती, स्तनदा माता, पंचविशीच्या आतली मुलं, स्वतःला किंवा घरात कोणाला मानसिक विकार झालेले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी टीएचसीपासून लांबच राहावं.

भविष्याबद्दल मी निराश नाही. नशा न आणता फक्त आतड्यावर काम करणारी, मेंदूत न शिरणारी द्रव्यं बनवण्याची खटपट चालू आहे. शरीराचं स्वतःचं आनंदामाइड मोडणारं एन्झाइम अडवून त्याची पातळी वाढवावी हाही मार्ग कागदावर सुंदर आहे. पण तशाच एका औषधाच्या पहिल्या मानवी चाचणीत २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि काहींच्या मेंदूला इजा झाली. ते औषध आणखी भलत्याच एन्झाइमांनाही अडवत होतं. घाई कोणी करू नये ती यासाठी.

तर तुम्ही काय करायचं? आधी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आणि सीआरपी करून घ्या. अ‍ॅडालिम्युमॅबची रक्तातली पातळी आणि त्याविरुद्धची अँटिबॉडीही तपासा. दोन आठवडे संपत आले की तुमचा त्रास वाढतो का, हे वहीत टिपा. तसं असेल तर औषध पुरत नाहीये, आणि त्याला उपाय आहेत: डोसातलं अंतर कमी करणं, औषध बदलणं. कॅलप्रोटेक्टिन चांगलं आलं, कोलोनोस्कोपीत अस्तर भरलेलं दिसलं आणि तरी कळा-जुलाब आहेत, तर तो बहुधा दाह नाही. पित्तक्षार, जिवाणूंची अतिवाढ, क्रोन्ससोबत आलेलं आयबीएस, अशी वेगळी कारणं शोधावी लागतील आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

एवढं सगळं करूनही दुखणं आणि झोप हा प्रश्न उरला, तर तुमच्या डॉक्टरांशी कॅनाबिनॉइडबद्दल उघड बोला. कायद्याने मिळणारं, प्रमाणित औषध, कमीत कमी डोस, ओढायचं नाही, ठरावीक मुदत. सुरू करण्याआधी आणि दोन-तीन महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन आणि यकृताची तपासणी. त्रास कमी झाला पण कॅलप्रोटेक्टिन चढलं, तर कॅलप्रोटेक्टिनवर विश्वास ठेवायचा.

आणि पुढची कोलोनोस्कोपी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया ठरली की कॅनाबिनॉइड नियमित घेत असलात तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, लाजू नका. अशा रुग्णांना गुंगीचं औषध जास्त लागतं, आणि हे टेबलावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं सगळ्यांच्या सोयीचं असतं.